अंबाडीला ‘केनाफ’ म्हणाले आणि माझे १,०४,००० गेले

लिहायला लाज वाटते. तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जाची कागदपत्रं तपासली आणि स्वतःच्या वेळी आंधळा झालो. बायबॅकवाले कसे गोड बोलतात ते तुम्हाला सांगायला नको: बी आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू. पीक ‘केनाफ’. त्याच्या धाग्याचा कागद होतो, मोटारींच्या दरवाजांचे आतले पॅनल होतात. हे खोटं नाही हो, म्हणून तर फसलो. हॉलमध्ये माझ्यासारखे साठ जण होते, त्यात दोन इंजिनियर.

इंदूरजवळ सांवेरकडे आमची चार एकर. नोंदणी ११,०००. बी एकरी १० किलो, म्हणजे ४० किलो, १,४५० च्या भावाने ५८,०००. वाख, म्हणजे खोडाचा धागा, काढायच्या मशीनचं डिपॉझिट ३५,०००. नांगरट-मजुरी धरतच नाही. एकरी पाच-सहा किलो बी पुरतं, हे नंतर कळलं.

विजयनगरच्या त्यांच्या ऑफिसातून नमुन्याचं रोप कुंडीतून घरी आणलं. अमरावतीची आत्या आलेली होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला, पान खुडून चावलं. “अरे, ही तर अंबाडी! ज्वारीच्या कण्या घालून भाजी करतो ती.” दांड्याचा बारीक काटा बोटात रुतला, तोही दाखवला. मी हसलो. म्हटलं, “आत्या, विलायती जात आहे, हिबिस्कस कॅनाबिनस.” अहो, अंबाडीचंच शास्त्रीय नाव ते! मोबाइल हातातच होता. नाव टाकून बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. दुसऱ्या दिवशी करारावर सही करून आलो. करारावर सही फक्त माझीच होती, हेही तेव्हा खुपलं नाही.

पीक झकास आलं, दहा फूट. फिकट पिवळी फुलं, मध्ये गडद डोळा, जास्वंदीच्या घरातलीच. फुलं धरली की कापायचं, आणि नेमके तेव्हाच फोन बंद, ऑफिसला कुलूप. मशीन आलंच नाही. घरी वाख काढायचा तर खोडं दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवायची. एवढं पाणी आणायचं कुठून, आणि तो वास! सगळं उभ्या उभ्या वाळलं.

पोलीस ठाण्यात शेताचा फोटो बघून पहिला प्रश्न: “अंकल, ये गांजा तो नहीं है?” पानं भांगेसारखी दिसतात, कॅनाबिनस नाव त्यावरूनच पडलंय. तक्रार माझी आणि पाऊण तास खुलासेही मीच देतोय. शेवटी काय, “ये तो सिविल मामला है.” शेतीच्या कचेरीत म्हणाले, बी उगवलं ना, मग तक्रार कसली? म्हणजे उगवलं हाच माझा गुन्हा! साहेब जेवायला, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलून गेले. तीन महिन्यांत अकरा खेपा. ऑनलाइन टाकलेली तक्रार ‘समाधानकारक निराकरण’ म्हणून बंद. समाधान कोणाचं झालं?

पिशवीवर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी नसेल तर हात लावू नका. माझ्या पिशवीवर नुसतं हिरवं पान छापलेलं होतं. डिपॉझिट रोख देऊ नका. मी दिलं, पावती ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. मी तिथे केस टाकली आहे. आणि घरातली म्हातारी माणसं पान चावून काही म्हणाली तर हसू नका.

बांधावर सांडलेल्या बियांतून अंबाडी पुन्हा उगवली आहे. परवा आत्याचा फोन आला, कोवळी पानं पाठव म्हणाली. पाठवली. आकडा अजून सांगितलेला नाही.