जुनं प्लास्टिक की चंद्राची माती?

फोंड्याची भाची प्रकल्पाच्या विषयावर अडलीय: यानातलं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरायचं, की चंद्राच्या मातीतून वस्तू घडवायच्या?

ऊर्जेत प्लास्टिक सरस. बहुतेक प्रकार तीनशे अंशांच्या आतच वितळतात. मातीला हजाराहून जास्त लागतात. टिकाऊपणात गणित उलटतं. दर वितळवणीला प्लास्टिकच्या रेणूसाखळ्या तुटतात, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला पाना ठिसूळ होत जातो. 2018 साली अंतराळ स्थानकावर धाडलेलं रिफॅब्रिकेटर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुन्हा वस्तू छापणारं यंत्र, हेच तपासायला होतं. माती भाजून चिऱ्यांसारखे ठोकळे निघतील, पण तिचे धारदार कण यंत्राचे सांधे खातात. शिवाय वाटेत माती मिळणार कुठे?

मंगळाच्या प्रवासात पाने, चिमटे, डबे हवेत तर प्लास्टिक. चंद्रावर भिंती-रस्ते करायचे तर माती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघायचंय? मग प्लास्टिकच घे गो.