घट्ट शिट्टी की मोकळा खेळ? धसमुसळी मॅच हाती आलेल्या नव्या रेफ्रीसाठी

बास्केटबॉल रेफ्रीची परीक्षा पास झालात आणि पहिल्याच मोसमात आंतरमहाविद्यालयीन सामने वाट्याला आले. दोन्ही संघांची जुनी खुन्नस आहे, हे वॉर्म-अपमध्येच कळतं. जंप बॉलच्या, म्हणजे चेंडू वर उडवून मॅच सुरू करण्याच्या आधी तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागते. पहिल्या मिनिटापासून प्रत्येक धक्क्याला शिट्टी वाजवायची, की मुलांना खेळू द्यायचं आणि फारच झालं तर मध्ये पडायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे, आणि दोन्हींचे चटके खाल्ले आहेत.

घट्ट शिट्टीचा फायदा लगेच दिसतो. दोन-तीन फाउल दिले की हात आपोआप मागे जातात. पण त्याची किंमतही मोठी आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत क्वार्टर 10 मिनिटांचा असतो आणि संघाचे 4 फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला 2 फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर मारायचे फटके) मिळतात. सरसकट वाजवत राहिलात तर चौथ्या-पाचव्या मिनिटालाच ही वेळ येते, आणि मग मॅच म्हणजे फ्री थ्रोची रांग होते. चांगला उंच खेळाडू हाफ टाइमआधीच 3 फाउल घेऊन बेंचवर जातो, आणि पाचव्याला बाहेर. मुलं चिडतात ती वेगळीच. नुसता स्पर्श आणि मुद्दाम दिलेली ढुशी यांना एकच शिक्षा मिळतेय असं दिसलं, की ढुशा देणाऱ्याचं फावतं.

मोकळ्या खेळाला नियमाचाच आधार आहे. ज्या किरकोळ स्पर्शाने कुणाचा फायदा-तोटा झाला नाही, त्यासाठी खेळ विनाकारण थांबवू नये, असं नियमावली सांगते. ड्राइव्ह करणाऱ्याला, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे घुसणाऱ्याला खांदा लागला, तरी तोल सांभाळून त्याने ले-अप (बास्केटजवळून उडी घेऊन टाकलेला चेंडू) मारला, तर शिट्टी कशाला? खेळाडूंना आणि प्रेक्षकांनाही हेच आवडतं.

गडबड होते ती चेंडूपासून लांब. एका सामन्यात मी ट्रेलला, म्हणजे खेळाच्या मागून येणाऱ्या रेफ्रीच्या जागी होतो आणि नजर चेंडूवर. पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ बचाव करणारा मुलगा दर खेपेला समोरच्याच्या पाठीत कोपरापासूनचा हात रोवत होता. चेंडू तिथे नव्हता, म्हणून मी सोडून देत होतो. शेवटी तो मार खाणाऱ्या मुलाने वळून कोपर मारलं, आणि मला दिसलं ते फक्त तेवढंच. अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूपणाला न शोभणारा जास्त शिक्षेचा फाउल, त्याच्या नावावर लागला. टेबलकडे जाताना तो एवढंच म्हणाला, "सर, मघापासून तुमच्याकडेच बघतोय." उत्तर माझ्याकडे नव्हतं. उट्टं काढणारा नेहमी सापडतो आणि सुरुवात करणारा सुटतो. मोकळ्या पद्धतीचं सगळ्यात वाईट अंग हेच.

ते किती लांबपर्यंत जाऊ शकतं, हे 2 जुलै 2018 ला फिलिपिन्समध्ये दिसलं. विश्वचषक पात्रता फेरीत फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलिया समोरासमोर होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक धक्का बसला, त्याला कोपराने उत्तर मिळालं, आणि बेंचवरची माणसं आत धावली. 13 खेळाडू बाद झाले. यजमानांकडे पुरेसे खेळाडूच उरले नाहीत, तेव्हा 89-53 वर सामना संपला. फिबाने नंतर खेळाडूंवर कारवाई केलीच, पण त्या सामन्याच्या रेफ्रींनाही वर्षभर आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर ठेवलं.

मग निवडायचं काय? शाळकरी, 14 वर्षांखालच्या मुलांसाठी मी डोळे झाकून घट्ट शिट्टी सांगेन. त्यांना अजून हात कुठे ठेवायचे हेच कळत नसतं. कॉलेज आणि त्यावरच्या पातळीला मात्र किती शिट्ट्या यापेक्षा कशाला शिट्टी, हे ठरवा. पहिली पाच मिनिटं चेंडूपासून लांबची ढकलाढकली आणि वारंवार लागणारे हात अजिबात सोडू नका. प्रतिस्पर्ध्याला सतत हात लावत राहणं हा फाउल आहे, कारण त्यातून धसमुसळा खेळ सुरू होऊ शकतो, असं नियमातच लिहिलेलं आहे. ड्राइव्हमधल्या खांद्याच्या बाबतीत मात्र हात सैल सोडा.

"हात काढ" असं एकदा बोलून बघा. दुसऱ्यांदा बोलू नका, वाजवा. दोघं भिडले म्हणून दोघांनाही डबल फाउल (एकाच वेळी दोघांवर फाउल) देऊन मोकळं होऊ नका. ज्याने सुरुवात केली नाही, त्याच्यावर तो अन्याय आहे. आणि अनस्पोर्ट्समनलाइक शेवटच्या क्वार्टरसाठी राखून ठेवू नका. 2 फ्री थ्रो आणि वर चेंडूही गेला, की कोच स्वतःच त्या मुलाला बाहेर बोलावतो. दुसऱ्या अनस्पोर्ट्समनलाइकला तो सामन्यातूनच बाद होतो, हे कोचला माहीत असतं.

दोनच रेफ्री असतील तर मॅचआधी जोडीदाराशी दोन मिनिटं बोला. चेंडू ट्रेलच्या बाजूला असताना पोस्टवर नजर लीडची, म्हणजे बास्केटजवळच्या रेफ्रीची, हे तोंडाने बोलून घ्या. मी त्या दिवशी ते बोललो नव्हतो.