डबल शाफ्ट श्रेडर: कापतो झकास, पण जॅम कसा काढायचा ते बघूनच घ्या

प्लास्टिकचे ड्रम, क्रेट आणि मोल्डिंगमधले मोठे लंप (घट्ट झालेले गोळे) तोडायला आम्ही हा डबल शाफ्ट श्रेडर वापरतो, म्हणजे हुकासारखे कटर बसवलेले दोन शाफ्ट एकमेकांकडे हळू फिरून माल तोडतात ते मशीन. कापण्याबद्दल तक्रारच नाही, अख्खा ड्रम टाकला तरी दोन्ही बाजूचे हुक त्याला धरून आत ओढतात, आणि ग्राइंडरच्या (वेगाने फिरून बारीक तुकडे करणाऱ्या मशीनच्या) मानाने आवाज नि धूळ दोन्ही कमी. तुकडे एकसारखे येत नाहीत, पुढे ग्राइंडर लागतोच.

आता महत्त्वाचं. ग्राइंडरचा रोटर मिनिटाला शेकडो फेरे मारतो म्हणून माणूस आपोआप लांब राहतो, हा शाफ्ट २० च्या आसपास फेरे मारतो, बघताना वाटतं हात पटकन काढता येईल. नाही काढता येत. हुकात बाही किंवा ग्लोव्हज एकदा अडकला की मागे मोटर आणि गिअरबॉक्सचा सगळा जोर असतो.

विकणारे ऑटो रिव्हर्स हे सेफ्टी फीचर म्हणून सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. मोटरचा करंट वाढला की शाफ्ट थांबतो, उलटा फिरतो आणि परत आपोआप सुलटा चालू होतो, हे कटर आणि गिअरबॉक्स वाचवायला आहे. हाताने करंट वाढणार नाही हो! वर त्या थांबलेल्या क्षणी ऑपरेटरला वाटतं मशीन बंद पडलं आणि तो वाकून आत बघतो, तेव्हाच ते परत फिरायला लागतं.

इमर्जन्सी बटणं चांगली दिलीत, पॅनलवर एक आणि हॉपरजवळ, म्हणजे माल टाकायच्या तोंडाजवळ, एक, आणि दाबलेलं बटण सोडल्यावर मशीन स्वतःहून सुरू होत नाही, वेगळं स्टार्ट द्यावं लागतं. आयएसओ १३८५० या इमर्जन्सी स्टॉपच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच अपेक्षित आहे. पण नुसतं हे बटण दाबून आत हात घालायचा नाही. मेन आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद, त्याला कुलूप, किल्ली जो आत काम करणार त्याच्याच खिशात, मग स्टार्ट दाबून मशीन चालू होत नाही याची खात्री, आणि दोघे काम करत असतील तर दोन कुलुपं. इथे आयसोलेटरला कुलपाची जागा आहे, याचे माझ्याकडून पूर्ण मार्क. लाइट बंद असली तरी कटरची धार कापतेच, आणि दाबून बसलेला तुकडा सुटताना शाफ्ट झटका देतो, म्हणून हाताऐवजी लांब हुक वापरतो, तोही मशीन बंद असतानाच.

न आवडलेलं म्हणजे इन्स्पेक्शन दाराचा स्विच, दार उघडलं की मशीन थांबवणारा. साधा, जीभवाला आहे, दारावरची धातूची जीभ आत गेली की त्याला दार बंद वाटतं, त्यामुळे सुटी जीभ खोचली की दार उघडं ठेवून मशीन चालतं. कोडेड स्विच (जो फक्त त्याच्या जोडीच्या कोडवाल्या तुकड्यालाच ओळखतो) मागून घ्या, घाईच्या दिवशी कोणीतरी हा जुगाड करणारच. हॉपर खोल आहे हे चांगलं, पण जवळ क्रेट उलटा टाकून कोणी त्यावर उभा राहिला की त्या खोलीचा काही उपयोग नाही, त्यामुळे तिथे चढण्यासारखं काहीच ठेवू देत नाही. ढकलायला हातपाय तर नाहीच.

भंगार मिक्स येत असेल तर लिथियम बॅटऱ्या आणि स्प्रेचे डबे आधी वेचून काढा, कटरमध्ये बॅटरी फुटली की आग लागते.

मॅन्युअलमध्ये जॅम काढायची माहिती अर्ध्या पानात गुंडाळलीये, राग येतो याचा. डेमोला जाल तेव्हा त्यांनाच मुद्दाम जॅम करायला सांगा आणि त्यांचा माणूस तो कसा काढतो ते उभं राहून बघा, त्याने कुलूप न लावता आत हात घातला तर दुसरी कंपनी शोधा.