कुरासोआ जहाजाचं पुस्तक: मजकूर वाचा, पण हे रीप्रिंट घेऊ नका

साडेअकराशे रुपये गेले आणि हातात आली चक्क झेरॉक्स. १८७३ चं प्रवासवर्णन आहे, ज्युलियस ब्रेंचली नावाच्या इंग्रज गृहस्थाचं. हा १८६५ साली एचएमएस कुरासोआ या ब्रिटिश युद्धनौकेवर पाहुणा म्हणून पॅसिफिकमधली बेटं फिरला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, असले प्रिंट ऑन डिमांडवाले, म्हणजे ऑर्डर आली की जुन्या पुस्तकाचा स्कॅन छापून देणारे, पुष्कळ आहेत, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा.

कव्हरवर कुठल्यातरी रिसॉर्टचा सनसेट टाकलाय, नारळाचं झाड, हॅमॉक वगैरे, आणि आत गावावर तोफा डागल्याचं प्रकरण! मूळ पुस्तकात शेवटी पक्षी, मासे, शिंपले यांची सुंदर रंगीत चित्रं आहेत, ती इथे सगळी ब्लॅक अँड व्हाइट, पोपट कावळ्यासारखा दिसतो. नकाशा घडी न उघडताच स्कॅन केलाय त्यामुळे अर्धा समुद्रच गायब, आणि एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा रबरी टोपी घातलेला अंगठा जसाच्या तसा छापलाय. मी आधी डाग समजून पुसत बसलो.

मग स्टार दिले कशाचे, तर टॅनाचे. टॅना म्हणजे आत्ताच्या वानुआटूमधलं बेट, तेव्हा न्यू हेब्रिडीज म्हणायचे. तिथल्या पोर्ट रेझोल्यूशन बंदराला कॅप्टन कुकने १७७४ मध्ये आपल्या जहाजाचं नाव दिलं, जवळच यासूर ज्वालामुखी. तिथे जॉन पेटन नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५८ ला आला, वर्षभरात बायको आणि तान्हं मूल गेलं, मग १८६१ ला गोवराची साथ आली. चंदन तोडायला येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलेला रोग, माणसं पटापट मेली, आणि लोकांनी आळ घेतला मिशनऱ्यांवर. शेजारच्या एरोमांगोवर तर गॉर्डन नवरा-बायकोला त्याच वर्षी मारलं. पेटन १८६२ मध्ये जीव घेऊन पळाला.

तीन वर्षांनी हीच कुरासोआ टॅनाला आली, कमोडोर (नौदलातला वरिष्ठ अधिकारी) विल्यम वाइजमनच्या हाताखाली. वर्षभर आधी याच जहाजाची माणसं न्यूझीलंडमध्ये गेट पा इथे माओरींशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, लढून आलेली. मिशनऱ्यांनी कमोडोरला तक्रारीचा अर्ज दिला, आमच्यावर हल्ले झाले, मालमत्ता लुटली, बंदोबस्त करा. आता गंमत बघा, टॅनाचे लोक ब्रिटिश प्रजा नव्हते, म्हणजे त्यांना ब्रिटिश कोर्टात उभं करता येईना. मग काय, सरळ युद्धाची कारवाई. सरदारांना जहाजावर बोलावलं, मुख्य मुख्य कोणी आलेच नाहीत, आणि दुभाषा कोण तर स्वतः पेटन. फिर्यादीच दुभाषा! आमच्या तलाठी ऑफिसात पण असं कोणी चालवून घेणार नाही.

ऑगस्टमध्ये गोळे डागले, मग माणसं उतरवली, घरं जाळली, होड्या फोडल्या, सुरणासारख्या कंदाची, म्हणजे यामची शेतं उद्ध्वस्त केली. एक खलाशी गोळी लागून मेला. तोफांनी बेटावरचे फार लोक मेले नाहीत असं पेटनच्या बाजूचे नंतर सांगत राहिले, पण एक न फुटलेला गोळा लोकांनी उचलून आणला, उघडायला गेले आणि तो तिथेच फुटला, त्यात माणसं गेली. आणि ज्याची होडी फोडली त्याने मासे कशाने पकडायचे आणि याम गेल्यावर पुढचे महिने खायचं काय, याचा हिशोब मेलेल्यांच्या आकड्यात येतच नाही. पुढे जहाज एरोमांगोला गेलं, तिथे पण तोफा.

बरं, तेव्हाच्या सगळ्यांना हे पटलं असंही नाही. सिडनीच्या पेपरांनी पेटनला झोडपलं, आणि त्याच मिशनमधला जुना माणूस, शेजारच्या अनेत्युम बेटावरचा जॉन गेडी, तो उघड विरोधात गेला. तरी सहा वर्षांनी तेच. पॅसिफिकमधल्याच नुकापू बेटावर बिशप पॅटेसन हा इंग्रज मिशनरी मारला गेला, बहुधा आधी मजूर पळवणाऱ्या जहाजाने तिथली पाच माणसं उचललेली म्हणून, आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये एचएमएस रोझारिओ ही दुसरी ब्रिटिश युद्धनौका तिथे पोचली, परत तोफा. पळवून नेलेल्या पाच जणांबद्दल शिक्षा कोणाला?

ब्रेंचलीबद्दल माझं मत संमिश्र आहे. माणूस डोळस आहे, बघितलेलं नीट लिहितो, पण शेवटी जहाजाच्या डेकवरून बघतोय. जिथे जाईल तिथून गदा, धनुष्यं, दागिने गोळा करत होता, ते सगळं आता इंग्लंडमध्ये त्याच्या गावच्या, मेडस्टोनच्या म्युझियममध्ये आहे. टॅनाच्या प्रकरणानंतर ती वस्तूंची वर्णनं वाचताना मला जरा अवघडल्यासारखं झालं.

पुस्तक दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, कॉपीराइट कधीच संपलाय, स्कॅन नेटवर फुकट मिळतो, रंगीत पोपटासकट. मी टॅनाचं प्रकरण दोनदा वाचलं आणि सातव्या दिवशी रिटर्न टाकलं, कारण दिलं 'पानावर अंगठा आहे'. पिकअपवाला उद्या येतो म्हणालाय.