300 जीएसएमचा कागद आणि आईचा स्टीलचा पेला : सहा महिन्यांनंतर

परवा चित्रांच्या पॅडचं शेवटचं पान संपलं, म्हणून लिहायला बसलो. जलरंगांबद्दल फार सांगायचं नाही. कॅमलच्या 12 ट्यूब आहेत, अजून निम्म्याही संपल्या नाहीत. माझी तक्रार कागदाची आहे.

मे महिन्यात नागपुरात सीताबर्डीवर पॅड घेतलं. दुकानदार म्हणाला, "300 जीएसएम आहे, याच्यावर कागद नाही राहत." घरी येऊन त्यावर कांदा रंगवला. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकल्यावर दुसरा दिला, तर खालचा रंग उखडून वर आला, नुसता चिखल. आधी उन्हाला दोष दिला, कारण 45 अंशांत ब्रश पाण्यात बुडवून परत येईस्तोवर कड सुकलेली असते. पण पावसाळ्यातही तेच. मग कळलं, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कागद कापसाचा की लाकडाच्या लगद्याचा, हे त्या आकड्यातून कळतच नाही. माझा लगद्याचा होता. बदलून मागितला, तर "पानं वापरली, आता परत होत नाही." न वापरता कागद कळणार कसा?

शेवटी 100 टक्के कॉटनचा 22 बाय 30 इंची ताव आणला. भाव ऐकून जिवावर आलं होतं, पण 16 तुकडे केले आणि हिशेब बसला. त्यावर आंबिया बहाराचं संत्रं काढलं. सालीवरचे बारीक खळगे, देठाजवळचा हिरवट रंग, एकावर एक चार वॉश, खालचा एकही हलला नाही. चकाकी म्हणजे कोरा सोडलेला कागद.

पॅडबद्दलचं मत मात्र नंतर बदललं. लगद्याच्या कागदावर रंग वरवर बसतो, त्यामुळे ओल्या ब्रशने उचलता येतो. उरलेल्या पानांवर आईचा पाणी प्यायचा पेला काढला. अल्ट्रामरीन निळ्यात तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून करडा केला, काठावरची उजेडाची रेघ उचलून काढली. पोटात आमची खिडकी वाकडी होऊन दिसते, बुडाशी कडप्प्याचा काळा. इतकी वर्षं त्यात पाणी प्यालो, पण त्यात एवढा निळा आहे हे कधी दिसलं नव्हतं.

आई दोनदा येऊन गेली. "पेला दे ना बाप्पा, तहान लागली." तिसऱ्यांदा आली ती चित्रापाशीच थांबली. "पोचा पण काढला का रे? तू लहान असताना आपटला होता तो."

तेच पॅड पुन्हा घेईन, पण पेल्या-पातेल्यांपुरतं. संत्र्यांसाठी कॉटनच.