रोजच्या किल्टवर कोणता शर्ट?

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधला पुरुषांचा चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, पँटसारखा कमरेच्या हाडावर बसत नाही. तो बेंबीशी, कुणाचा तर तिच्याही वर बांधला जातो आणि तिथून नितंबांपर्यंत अंगाला चापून बसतो. म्हणून शर्ट घेताना मी आधी खालचा घेर बघतो, कॉलर नंतर. घेरदार शर्ट खोचला की जास्तीचं कापड मागे चुण्यांखाली गोळा होतं. दिवसभर खुर्चीत बसायचं असेल तर त्या वळकट्या जीव नकोसा करतात.

एडिंबराला आल्यापासून मी ऑफिसातही किल्ट घालतो. रोजच्यासाठी माझी पहिली पसंती ऑक्सफर्डच्या सुती शर्टाला. कापड जरा जाड, शिवण अंगासरशी, आणि पाठीची बाजू लांब असलेला घ्यायचा. ही लांबी फार कामाची. किल्टला अस्तर असतं ते वरच्या भागापुरतं. खाली लोकर थेट अंगाला लागते. मध्ये शर्ट आला की टोचणं थांबतं.

आणखी एक गोष्ट घेण्याआधीच तपासा. रुंद पट्टा लावत असाल तर त्याचं बक्कल शर्टाच्या बटणावर येऊ शकतं आणि बटण पोटात रुततं. पट्टा लावून खाली बसून बघा, उभ्यानं हे कळत नाही.

उन्हाळ्यात बिनकॉलरचा लिनन. १६ औंसी (म्हणजे वारभर कापडाचं वजन १६ औंस) लोकरीचा आठ वारी किल्ट जुलैत गरम होतोच, निदान वरचं अंग तरी मोकळं राहतं. लिनन चुरगळतं, पण किल्टवर ते चुरगळलेलंच छान दिसतं. १३ औंसी, त्यातल्या त्यात हलक्या किल्टवर पोलो टी-शर्टही चालतो. फक्त तो बाहेर सोडू नका. किल्टची वरची कड झाकली गेली की पाय आखूड दिसतात.

राहिला गळ्याशी दोरी बांधायचा जॅकोबाइट शर्ट. लग्नाला, केलीला (स्कॉटिश नाचगाण्याच्या मेळाव्याला) झकास! रोजच्याला मात्र मी तो घेणार नाही. फुगीर बाह्या जॅकेटात कोंबाव्या लागतात, घेर तर विचारूच नका, आणि जेवायला वाकलं की दोरीची टोकं ताटात.

रंग शक्यतो एकच, साधा. टार्टनवर, म्हणजे किल्टच्या चौकडीच्या कापडावर, चौकडीचा शर्ट माझ्या डोळ्यांना टोचतो, कारण दोन्ही चौकड्या एकमेकींना खाऊन टाकतात. ब्लॅक वॉच या टार्टनच्या गडद निळ्या-हिरव्यावर फिकट निळा मी डोळे झाकून घालतो. रॉयल स्टुअर्ट टार्टनच्या लालभडक रंगावर पांढराशुभ्र जरा भपकेबाज वाटतो. तिथे सायीच्या रंगाचा घ्या.