मावळत्या उजेडातली कसोटी : शिकारीची दुर्बीण, स्कोप आणि सोबतचे साहित्य

शिकारीचे साहित्य घेताना बहुतेक जण सर्वांत जास्त विचार रायफलीचा करतात, त्यानंतर स्कोपचा, म्हणजे रायफलीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीचा, आणि उरलेल्या पैशांत बसेल ती दुर्बीण घेऊन मोकळे होतात. मीही तसेच केले होते. हा क्रम उलटा हवा, हे मला एका संध्याकाळी कळले. सूर्य मावळून वीसेक मिनिटे झाली होती, परवान्यातली वेळ अजून संपलेली नव्हती, आणि रानाच्या कडेला एक हरीण येऊन उभे राहिले. माझ्याजवळ खिशात मावणारी १०×२५ दुर्बीण होती (पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते त्याचा; दुसरा वस्तुभिंगाच्या, म्हणजे पुढच्या भिंगाच्या, व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). तिच्यातून मला शिंगे दिसली, निदान तशी माझी खात्री झाली होती. शेजारी बसलेल्या अनुभवी सोबत्याने काही न बोलता स्वतःची ८×५६ दुर्बीण माझ्या हातात दिली. तिच्यातून पाहिले तेव्हा ज्यांना मी शिंगे समजत होतो ती मागच्या झाडाची वाळलेली फांदी निघाली. समोर मादी होती, आणि तिच्या पोटाआड गवतात पाडस उभे होते. माझा परवाना नराचा होता. त्या दिवशी रायफल उचललीच नाही.

त्यानंतरच्या काही हंगामांत मी दुर्बीण, स्कोप, रेंजफाइंडर (अंतर मोजणारे यंत्र) आणि बाकीचे साहित्य एकेक करून बदलले. हा आढावा त्या वापरावरून लिहिलेला आहे. मॉडेलांची नावे सहसा देत नाही, कारण ती दर काही वर्षांनी बदलतात. वस्तू पारखायच्या कसोट्या मात्र त्याच राहतात.

त्या संध्याकाळी नेमके काय घडले ते आकड्यांत मांडता येते. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×२५ मध्ये तो २.५ मिलिमीटर येतो, ८×५६ मध्ये ७ मिलिमीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाने दुसऱ्या दुर्बिणीचे वर्तुळ पहिलीच्या जवळजवळ आठपट भरते. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, त्यामुळे त्याला हा सगळा प्रकाश मिळतो. वय वाढते तशी बाहुली कमी उघडू लागते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ती ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. अशा माणसाने ८×५६ चे ओझे गळ्यात वागवले तरी कडेचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. त्याला ८×४२ चे ५.२५ मिलिमीटरचे वर्तुळ पुरते. वयाचा हा हिशेब दुकानात सहसा कोणी मांडून दाखवत नाही, आणि म्हणूनच तो ग्राहकाने घरून करून जावा.

जाहिरातींत 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा एक आकडा ठळकपणे छापलेला असतो. वर्धन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे ते वर्गमूळ असते. ८×४२ साठी तो १८.३ येतो आणि ८×५६ साठी २१.२. इथवर ठीक आहे; पण याच सूत्राने २०×२० अशी एखादी दुर्बीण मोजली तर तिचा आकडा २० येतो, म्हणजे ८×४२ पेक्षा सरस. प्रत्यक्षात तिचे प्रकाशवर्तुळ जेमतेम १ मिलिमीटरचे असल्याने तिन्हीसांजेला तिच्यातून काळोखाखेरीज काही दिसणार नाही. शिवाय काच कशी आहे आणि तिच्यावरचा लेप कसा आहे, याची या आकड्यात कुठेही दखल नसते. त्याच्यावर विसंबून खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेपाला किती महत्त्व आहे, हे मला दोन ८×४२ दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावरच पटले. आकडे तेच, वजनही जवळपास तेवढेच. दुपारी फरक शोधावा लागत होता, पण उजेड उतरू लागला तशी त्यांतली एक दुसरीपेक्षा आठ-दहा मिनिटे आधी निकामी झाली. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. वाटेत असे दहा पृष्ठभाग असले तर एकतृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो, आणि त्यातला काही भाग आतल्या आत इकडेतिकडे उसळून प्रतिमा दुधाळ करतो. चांगला बहुस्तरीय लेप हीच गळती प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या आत आणतो, म्हणजे दहा पृष्ठभागांनंतरही ९५ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. जर्मनीतल्या येना येथील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या लेपाचे पेटंट १९३५ साली मिळवले, आणि संध्याकाळी दुर्बीण वापरणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे ऋण मानावे असे ते काम आहे. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. वस्तुभिंगात छतावरच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते मंद हिरवट किंवा जांभळट दिसले तर लेप चांगला, लख्ख पांढरे दिसले तर त्या पृष्ठभागावर लेपच नाही. खोक्यावर नुसते 'कोटेड' असेल तर ते पुरेसे नाही. 'फुली मल्टी-कोटेड' हे शब्द हवेत, कारण त्यांचा अर्थ प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर आहेत असा होतो.

प्रिझमविषयी, म्हणजे दुर्बिणीच्या आत उलटी प्रतिमा सुलटी करणाऱ्या काचेच्या लोलकांविषयी, थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण किमतीतला मोठा फरक तिथून येतो. इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली पेटंट घेतलेली रचना आजही जुन्या आकाराच्या, खांदे फुगलेल्या दुर्बिणींत दिसते. ती कमी खर्चात उजळ प्रतिमा देते आणि बेताच्या किमतीत आजही तिला तोड नाही. सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत रूफ प्रिझम असतो. त्यातला सर्वाधिक प्रचलित श्मिट-पेखान प्रकार आटोपशीर आहे, पण त्याच्या एका पृष्ठभागाला आरशासारखा लेप द्यावा लागतो, आणि तो लेप हलक्या प्रतीचा असला की प्रकाश तिथे गळतो. म्हणून त्याऐवजी डायइलेक्ट्रिक लेप (धातूऐवजी अनेक पातळ थरांचा, जवळजवळ सगळा प्रकाश परतवणारा) असल्याची खात्री करून घ्यावी. आबे-कोनिग प्रकारात अशा आरशाची गरजच पडत नाही, सगळे परावर्तन काचेच्या आतल्या आत पूर्ण होते. त्यामुळे तो अधिक प्रकाश पोचवतो, मात्र दुर्बीण लांब आणि जड होते. झाइसच्या व्हिक्टरी एचटी या दुर्बिणी आणि स्वारोव्स्कीच्या एसएलसी मालिकेतल्या ५६ मिलिमीटरच्या दुर्बिणी याच प्रिझमवर बांधलेल्या होत्या, आणि त्यांचा रोख सरळसरळ संधिप्रकाशात बसणाऱ्या शिकाऱ्याकडे होता. रूफ प्रिझम कोणताही असो, त्यावर फेज लेप (प्रिझममध्ये विभागलेल्या प्रकाशलहरींचा मेळ पुन्हा बसवणारा थर) नसेल तर बारीक तपशील पुसट होतात. दूरच्या हरणाच्या कानाची कड पानांपासून वेगळी ओळखण्यात नेमका तोच तपशील कामी येतो.

वर्धन ८ की १०, हा वाद शिकाऱ्यांत कधी संपत नाही. माझा कल हातात धरण्यासाठी ८ कडे आहे. वर्धन प्रतिमेला मोठे करते तसे हाताच्या कंपालाही मोठे करते, आणि चढ चढून धाप लागलेली असताना १० च्या दुर्बिणीतून दिसणारे दृश्य इतके थरथरते की जास्तीचे वर्धन उपयोगी पडत नाही. उघड्या डोंगराळ मुलखात मात्र १० किंवा १२ ची दुर्बीण ट्रायपॉडवर बसवून पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. एकदा मी एक उतार हातातल्या दुर्बिणीने दोनदा चाळला होता आणि तिथे काही नाही असे ठरवून टाकले होते. ट्रायपॉड लावून बसल्यावर पाचव्या मिनिटाला झुडपाखालच्या सावलीत एक कान हलला, आणि मग हळूहळू बसलेल्या हरणाची पाठ, मान आणि शिंगाचे टोक असे सगळे उलगडत गेले. प्रतिमा स्थिर असली तरच डोळ्याला बारीक हालचाल टिपता येते. ट्रायपॉड न्यायला जड वाटतो, पण माझ्या पाठपिशवीत दुर्बिणीनंतर त्याचाच मान आहे.

चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रिकेपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) डोळ्याचे अंतर, म्हणजे आय रिलीफ, किमान १६ मिलिमीटर आहे ना हे पाहावे. त्याहून कमी असेल तर दृश्याची कड कापली जाते. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे वळवली की नेत्रिकांत प्रकाशाची वर्तुळे दिसतात. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असावीत. उजळ आकाशावरची काळी फांदी पाहावी, तिच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार जितकी कमी तितकी काच चांगली. शेवटी सलग दहा मिनिटे पाहत राहावे. दोन्ही नळ्या एका रेषेत नसतील तर मेंदू त्या दोन प्रतिमा जुळवत राहतो आणि कपाळ दुखू लागते. दुकानातल्या अर्ध्या मिनिटात ही खोट कळत नाही.

आता स्कोप. पहिला नियम असा, की स्कोप हे शोधण्याचे साधन नाही. झाडीत काही हलले म्हणून ते काय आहे हे पाहण्यासाठी स्कोप वळवणे म्हणजे न ओळखलेल्या गोष्टीवर भरलेली बंदूक रोखणे होय, आणि ती गोष्ट माणूसही असू शकते. दुर्बिणीवर खर्च करण्याचा माझा आग्रह मुख्यतः याच कारणाने आहे.

माझा पहिला स्कोप स्वस्त होता आणि त्याच्यावर वर्धनाचे आकडे मोठे होते. काही डझन फैरींनंतर त्याचा झिरो, म्हणजे नेम धरलेल्या जागीच गोळी लागावी म्हणून केलेली जुळणी, सरकू लागला, आणि मी कित्येक दिवस दोष माझ्या नेमबाजीला देत राहिलो. शेवटी मैदानावर चौकोनाची चाचणी केली : एक गोळी झाडायची, मग स्कोपवरच्या नेम जुळवायच्या चकत्या ठरावीक क्लिक (खटके) वर, तितकेच उजवीकडे, तितकेच खाली आणि तितकेच डावीकडे फिरवत प्रत्येक टोकाला एकेक गोळी झाडायची, आणि शेवटची गोळी पहिलीच्या जागी येते का ते पाहायचे. माझी तळहातभर दूर पडली. नवा स्कोप ३-९×४० आहे (वर्धन ३ ते ९ बदलता येते), त्यावर क्लिकमागे ०.१ मिल (मिल हे कोनाचे माप), म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर सरकते, आणि त्याच चाचणीत त्याचा चौकोन नीट मिटतो. त्याचे सर्वाधिक वर्धन ९ असले तरी संध्याकाळी मी ते ६ वर आणतो, कारण ९ वर प्रकाशवर्तुळ ४.४ मिलिमीटरचे असते आणि ६ वर ६.७ मिलिमीटरचे होते. हे साधे चाक फिरवण्याचे काम पुष्कळ जण विसरतात आणि मग मोठे वस्तुभिंग घ्यायला निघतात. मोठे वस्तुभिंग स्कोपला रायफलीच्या नळीपासून उंच बसवायला भाग पाडते, गाल कुंद्यावर नीट टेकत नाही, आणि नेम तिथेच बिघडतो.

स्कोप चांगला आणि माउंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी बैठक आणि रिंगा) हलक्या प्रतीचा, ही जोडी कधी जमवू नये. रिंगांचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळण्याऐवजी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), निर्मात्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. जास्त आवळल्यास स्कोपची नळी दबते आणि आतली हालचाल अडते. डोळ्यापासूनचे अंतर ९ सेंटिमीटरच्या आसपास असावे, नाही तर धक्क्याने स्कोपची कड भुवईवर आदळते.

लेझर रेंजफाइंडर घेताना खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या अंतराकडे पाहू नये. तो आकडा सहसा चकाकत्या, प्रकाश चांगला परतवणाऱ्या लक्ष्यासाठी असतो. हरणाच्या अंगावरून किरण कितीतरी कमी परततो, आणि धुक्यात किंवा पावसात तर यंत्र मध्येच हवेतल्या थेंबांचे अंतर दाखवते. उताराचा हिशेब करणारे यंत्र मात्र जरूर घ्यावे. ३० अंशांच्या उतारावर यंत्र ३०० मीटर दाखवत असेल तर गोळीच्या पडीसाठी साधारण २६० मीटरच धरावे लागतात, आणि हा फरक विसरला की गोळी वरून जाते किंवा, त्याहून वाईट, जनावर जखमी होऊन निसटते. अर्थात अचूक अंतर कळले म्हणून लांबचा नेम घेण्याची परवानगी मिळत नाही. मैदानावर ज्या अंतरावर प्रत्येक गोळी जागेवर बसते तेच अंतर रानातली मर्यादा.

बाकीच्या साहित्याविषयी थोडक्यात. गळ्यातला पट्टा सोडून दुर्बिणीसाठी छातीवरचा हार्नेस घ्यावा. मान वाचते आणि वाकल्यावर दुर्बीण खडकावर आदळत नाही. कपड्यांत छाप्यापेक्षा आवाज महत्त्वाचा. फांदीला घासून खरखरणारे जाकीट कितीही जलरोधक असले तरी जवळ जाण्याच्या कामी येत नाही, आणि लोकर ओली होऊनही बरीच ऊब राखते. नेम घेण्यासाठी टेकूची काठी सोबत असावी.

भिंगे पुसण्याबाबत मात्र मी हट्टी आहे. सदऱ्याच्या टोकाने पुसलेले भिंग म्हणजे लेपावर वाळूचा कागद फिरवण्यासारखे आहे. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कुंचला, आणि अगदी शेवटी, श्वासाची वाफ सोडून, स्वच्छ मायक्रोफायबर. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही, पण दमट हवेत कातडी पेटीत महिनोन्महिने बंद ठेवली तर भिंगांवर बुरशी धरते आणि ती लेप खाते. मी माझी दुर्बीण हंगाम संपल्यावर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवतो, आणि मधूनमधून काढून संध्याकाळी गच्चीवर नेतो; समोरच्या झाडाची एक ठरावीक फांदी किती वेळ पानापानाने दिसते ते पाहतो. ती १०×२५ अजून माझ्याजवळ आहे, भर दुपारी चालताना तिचा उपयोग होतो.